एका हाताची नऊ बोटं

किस्से गोळा करावे लागत नाहीत. चार माणसांना शेजारीशेजारी आडवं करा, बाहेर जाऊ देऊ नका, करमणुकीला छताचा पंखा द्या. किस्से आपोआप साचतात, शर्टाच्या खिशात कुठून तरी धाग्यांचे गोळे साचतात तसे. माझ्याकडचे सगळे एका वॉर्डातले आहेत आणि बहुतेक अर्धवट झोपेतले. त्यामुळे खरं किती नि औषधानं दाखवलेलं किती, ते मला विचारू नका.

कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती. मी त्यातून सुखरूप उठलो म्हणून कोथरूडच्या घरी बायकोनं शिरा केला. तो पचतो न पचतो तोच गालाच्या हाडाखाली ठणका सुरू झाला, मग गाल बधिर झाला, मग चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. तपासणीत कळलं की सायनसमध्ये बुरशी आहे. पेपरवाले तिला काळी बुरशी म्हणायचे, डॉक्टर म्युकर म्हणायचे आणि माझ्या शेजारच्या पलंगावरचे वर्तक काका तिला ‘भाडेकरू’ म्हणायचे. “जागा रिकामी दिसली की घुसतो, आणि भिंत पाडल्याशिवाय निघत नाही.”

काकांची भिंत खरंच पाडली होती. वरच्या जबड्याचा एक तुकडा आणि अर्धी टाळू काढून तिथे प्लास्टिकची प्लेट बसवली होती. काका कसबा पेठेतले, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पण ओळख करून देताना कचेरीचं नाव घ्यायचे नाहीत. “मी प्रॉम्प्टर,” एवढंच सांगायचे. हौशी नाटकांत जन्मभर विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवण्याचं काम त्यांनी केलं होतं. काकांच्या पलीकडे वाघोलीचा प्रशांत गायकवाड. तिशीतला मुलगा, सॉफ्टवेअर कंपनीत डिझायनर. स्क्रीनवरचं एखादं बटण केसभर सरकलेलं असलं तरी त्याच्या लक्षात यायचं. त्याच्या उजव्या डोळ्यामागे बुरशी पोचली होती. डोळा फिरवणाऱ्या नसा दुबळ्या झाल्या होत्या, पापणी अर्धी उतरली होती आणि त्याला एकाच्या जागी दोन दिसत होतं.

* * *

बुरशीवरचं औषध सलाइनमधून थेंब थेंब यायचं. त्याला उजेड चालत नाही म्हणून बाटलीवर टोपडं घातलेलं असायचं. ते अंगात भिनलं की हुडहुडी भरायची. दात वाजायचे, पलंग वाजायचा, स्टुलावरचा पेला वाजायचा. मग ग्लानी यायची आणि माणूस पंख्यासकट कुठे तरी तरंगत जायचा.

एकदा काकांच्या पलंगाच्या चाकाला ब्रेक लावायचा राहिला. काकांना हुडहुडी भरली आणि पलंग थडथडत, इंचाइंचानं, प्रशांतच्या दिशेनं निघाला. मी बघतोय, पण ओरडायचं सुचेना. मला ते अगदी स्वाभाविक वाटत होतं. काकांनाही वाटत असावं. दात वाजत असतानाच ते म्हणाले, “प्रशांत, वाघोलीला निघालोय. येतोस का?”

प्रशांतनं मान वळवून शांतपणे पाहिलं.

“काका, मला दोन बस दिसतायत. कुठल्या बसमध्ये चढू?”

* * *

मी वायटूकेच्या दिवसांत आयटीत शिरलो तेव्हापासून टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. पुण्यात जन्म झाल्यामुळे वेगळं शिक्षण लागलं नाही. आजारपणाच्या रजेत फोन करू नये हा नियम हिंजवडीत कुणाला पाळता येत नाही, म्हणून एक दिवस टीममधल्या मनालीनं व्हिडिओ कॉल लावलाच.

मी बोलायला लागलो. माझी डावी बाजू बोलत होती, उजवी नुसती बसली होती. मनाली कपाळाला आठ्या घालून बघत राहिली.

“सर, तुम्ही फ्रीझ झालायत. म्हणजे अर्धेच झालायत. राइट साइड हलत नाहीये.”

“नेटवर्क ठीक आहे,” मी म्हटलं, “नस गेलीय.”

तिला ते नीट पोचलं नसावं. “सर, एकदा लॉग आउट करून परत या ना. होईल ठीक.”

आमच्या शैला सिस्टर माझ्या हाताची सुई बघत उभ्या होत्या. त्यांनी फोनमध्ये वाकून सांगितलं, “अहो मॅडम, आत्ताच कसेबसे परत आलेत. पुन्हा नका पाठवू.”

* * *

नस लुळी पडली की पापणी मिटत नाही. झोपताना माझा उजवा डोळा चिकटपट्टी लावून बंद करायला लागायचा. एका दुपारी ती पट्टी सुटली आणि मला पत्ता लागला नाही. काकांना मात्र वाटलं, मी जागा आहे.

त्यांनी सुरुवात केली. एका प्रयोगात नायक तिसऱ्या अंकातलं वाक्य विसरला, काकांनी ते पुरवलं, नायकाला ऐकू गेलं नाही, काकांनी मोठ्यानं पुरवलं, तर पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू गेलं आणि त्यानंच ते नायकाला सांगितलं. तिथून नायकाच्या लग्नात, लग्नातून जिलबीत, जिलबीतून काकूंच्या आजारपणात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे काका कधी कुणाशी बोलत नसत. त्या दुपारी सगळं बोलले, माझ्या उघड्या डोळ्याकडे बघत.

शेवटी प्रशांतला राहवेना. “काका, ते घोरतायत.”

“घोरू दे,” काका म्हणाले. “डोळा तर इकडे आहे ना.”

* * *

काकांची प्लेट तोंडात असली की ते स्वच्छ पुणेरी बोलत. ती धुवायला काढली की टाळूला भगदाड पडायचं आणि शब्द तोंडातून निघायच्या आधीच नाकातून पसार व्हायचे. कुजबुज तर अशक्यच. सकाळी डॉक्टरांचा राउंड असला की प्लेट काढून ठेवायची असा दंडक होता, कारण त्यांना आतली जखम बघायची असे. त्या वेळात काकांचं बोलणं कुणालाही कळायचं नाही. ज्या माणसानं जन्मभर कुजबुजून दुसऱ्यांची लाज राखली त्याची कुजबुजच गेली, याचं मला मनापासून वाईट वाटायचं.

काका मात्र त्याचं रडगाणं गात नसत. एकदा प्लेट नीट बसली नव्हती आणि त्यांनी ताकाचा घोट घेतला. घोट तोंडातून आत गेला आणि नाकावाटे सदऱ्यावर आला. सिस्टर धावल्या.

काकांनी सदऱ्याकडे पाहिलं, प्लेट नीट दाबून बसवली आणि म्हणाले, “मीठ कमी आहे. सदऱ्याला विचारा हवं तर.”

* * *

वॉर्डाच्या खिडकीबाहेर सावरीचं एक जुनं झाड होतं. त्या दिवसांत बोंडं फुटून त्याचा कापूस उडत असे. एका दुपारी वारा सुटला आणि तो आत आला. कापसाची एक म्हातारी, मग अनेक. पंख्याखाली घिरट्या घालत, सलाइनच्या नळ्यांना चिकटत, चादरींवर अलगद उतरत सगळा वॉर्ड भरला. आवाज कसलाच नाही. ऊन तिरपं येत होतं आणि त्यात ते पांढरं सगळं हळूहळू फिरत होतं. मला लहानपणीसारखं हलकं वाटलं. वाटलं, मेल्यावर असं असेल तर काही वाईट नाही.

कुणी काही बोलेना. प्रत्येकाला भीती, हे फक्त आपल्यालाच दिसत असेल तर? औषधानं आम्हाला काय काय दाखवलं होतं! प्रशांतचा उजवा डोळा तोवर धूसर झाला होता आणि त्याला दोन-दोन दिसणंही कमी झालं होतं. तो तळहात पुढे करून बसला होता. एक म्हातारी त्यावर येऊन टेकली आणि तो तिच्याकडे इतका वेळ बघत राहिला की मला नजर वळवावी लागली.

शांतता अखेर काकांनी मोडली.

“मंडळी, कापूस स्वतःहून आलाय. नाकपुड्या मिटून घ्या.”

* * *

आता प्रशांतच्या डोळ्याचं. आमच्याकडे निमकर मॅडम राउंडला येत. डोळ्यांच्या डॉक्टर. बोलणं मोजकं, चूक आणि माफी दोन्ही न करणाऱ्या. त्यांचा नियम वॉर्डात सर्वांना ठाऊक होता. डोळ्याला दिसतंय तोवर तो वाचवायला धडपडायचं. दिसायचं थांबलं आणि मागे बुरशी असली, तर डोळा काढायचा, कारण तिथून मेंदू फार लांब नाही. पलीकडच्या खोलीतल्या एका गृहस्थांचा तसाच काढला होता. त्यामुळे रोज सकाळी मॅडम प्रशांतचा चांगला डोळा झाकायच्या, समोर हात धरायच्या आणि विचारायच्या, “किती बोटं?”

“तीन.”

“आता?”

“एक.”

“आता?”

“चार.”

प्रशांत रोज पैकीच्या पैकी. आम्हाला बरं वाटायचं. मॅडमना मात्र वाटत नव्हतं. टॉर्च मारला तर बाहुली हलत नव्हती, एमआरआय वेगळंच सांगत होता आणि पेशंट उत्तरं बिनचूक देत होता. त्या रोज कपाळावर बोट ठेवून थोड्या थांबायच्या आणि पुढे जायच्या.

त्या दिवशी काकांनी राउंडच्या थोडं आधी नाक धुवायचं मीठपाणी घेतलं. रोज घ्यायचे, पण त्या दिवशी ते भलतीकडे गेलं. मॅडमनी प्रशांतचा डावा डोळा झाकला, हात धरला.

“किती बोटं?”

काका खोकले. मग परत खोकले. मग त्यांना जी उबळ आली ती थांबेचना. चेहरा लाल झाला, एका हातानं ते उशी दाबतायत, दुसऱ्या हातानं प्रशांतला ‘नाही नाही’ अशी खूण करतायत, जी त्याला दिसायचा प्रश्नच नव्हता. प्रशांत मान किंचित काकांकडे कलती करून, एकाग्र होऊन ऐकत होता. उबळ थांबली. 

प्रशांत थोडा घुटमळला. मग म्हणाला, “नऊ?”

मॅडमनी आपल्या हाताकडे पाहिलं. दोन बोटं होती. त्यांनी ती हळूच मिटली.

“एका हाताला नऊ,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईनंसुद्धा इतकी मोजली नव्हती.”

कुणीतरी हसलं. मीच असेन, डाव्या बाजूनं. लगेच सगळं लक्षात आलं आणि हसू जिथल्या तिथे राहिलं. आम्हाला इतके दिवस वाटत होतं काकांना सकाळी कफ होतो. काका प्रॉम्प्टिंग करत होते! प्लेट नसताना शब्द फुटत नव्हते, म्हणून खोकत होते. एका बोटाला एक खोकला, चाराला चार. प्रशांतचा डोळा पार विझला होता आणि तो काकांच्या खोकल्यावर पास होत होता.

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्या प्रशांतच्या पलंगाच्या कडेवर बसल्या. डॉक्टर सहसा बसत नाहीत.

“कधीपासून दिसत नाहीये?”

“कापूस उडत आला होता ना, त्या दिवशी संध्याकाळपासून.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत.”

“बोललो असतो तर तुम्ही काढला असता.”

“हो,” मॅडम म्हणाल्या. “आणि अजून थोडे दिवस बोलला नसतात तर काढायची वेळच आली नसती. अहो, तुम्हाला डोळा ठेवायचाय की तुम्हाला राहायचंय?”

प्रशांत भिंतीकडे वळला. काकांनी प्लेट तोंडात घातली, काही तरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्या माणसाला वाक्य न सुचलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

* * *

प्रशांतची आई महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. भेटायला सोडत नव्हते, म्हणून रोज फोन करायच्या, तोही स्पीकरवर, कारण ‘जय भीम’ त्या सगळ्या वॉर्डाला म्हणायच्या आणि सगळ्या वॉर्डाची तब्येत विचारायच्या. त्या दिवशी मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं, नऊ बोटांसकट. ऑपरेशनच्या संमतीची सही प्रशांत करू शकत होता, पण तो म्हणाला, आई म्हणेल तसं.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “वर्तक सर आहेत का तिथे?”

काका उठून बसले. “आहे हो बाई.”

“तुम्ही माझ्या मुलाला कॉपी पुरवलीत?”

“बाई, मला वाटलं, पोरगा परीक्षेत अडकलाय. मला नाही हो कळलं की...” काकांचा आवाज फाटला, आणि या वेळी प्लेट जागेवर होती.

“सगळ्या जन्मात खूप पाहिले,” बाई म्हणाल्या, “खिडकीतून उत्तरं सांगणारे. सगळे प्रेमानंच सांगतात. नुकसान त्या पोराचं होतं.” मग म्हणाल्या, “पण रोज सकाळी कुणीतरी त्याच्यासाठी खोकत होतं, हे मला बरं वाटलं. आता नका खोकू.”

“नाही खोकणार.”

“डॉक्टर, काढा डोळा. मला मुलगा बघायचाय. त्याला मी एका डोळ्यानं दिसले तरी मला पुरेल.”

प्रशांत म्हणाला, “आई, माझं कामच बघण्याचं आहे गं.”

“माहितीय. मीच शिकवलंय तुला. ‘ग’ काढताना रेघ कुठे वाकते ते दोन डोळ्यांनी तरी कुठे दिसत होतं तुला? कान धरून दाखवावं लागलं.” त्या बोलत होत्या आणि आवाज इतका सरळ होता की आम्हाला वाटलं, या बाई दगडाच्या आहेत. “सही कर. मग मला मिस कॉल दे.”

त्यानं सही केली. मिस कॉल दिला. पलीकडून उचललाच गेला आणि प्रशांतनंही लगेच ठेवला नाही.

* * *

ऑपरेशन झालं. बुरशी मेंदूच्या उंबऱ्यापाशी अडली होती, तिथून साफ केली. ग्लानीत प्रशांत विचित्र काहीबाही सांगायचा. गेलेल्या डोळ्यात हिरवं पाणी दिसतंय, त्यात दिवे सोडलेत. मॅडम म्हणाल्या, नस अजून मेंदूला चित्रं पाठवतेय, तिला कुणी कळवलेलं नाही, हळूहळू थांबेल. काकांनी विचारलं, “थांबवायलाच हवं का?” मॅडमनी पट्टीची कडा नीट दाबून बसवली. मला वाटतं, त्यांनाही ते दिवे आवडले असावेत.

मग एक दिवस दुपारी भेटायची परवानगी मिळाली आणि प्रशांतची आई आली. आवाजावरून आम्ही उंच बाई धरून चाललो होतो. त्या ठेंगण्या निघाल्या. पांढरी सुती साडी, मास्क, जाड काचांचा चष्मा. दारातूनच सगळ्यांना ‘जय भीम’ केलं. काका पलंगावरच उभं राहायला निघाले, त्यांना हातानंच बसवलं. प्रशांत पाठीवर सरळ पडलेला होता, मान हलवायची नाही अशी सक्त ताकीद होती. उजव्या बाजूला डोळ्याच्या जागी कापसाची जाड घडी आणि पट्टी.

बाईंनी आधी डावीकडून वाकून त्याला पाहू दिलं. गालावर हात ठेवला. “बरा दिसतोस,” म्हणाल्या. मग वळसा घालून पलीकडे गेल्या आणि उजवीकडच्या स्टुलावर बसल्या.

शैला सिस्टर म्हणाल्या, “बाई, या बाजूला बसा ना. तिकडून तुम्ही त्याला दिसत नाही.”

“इथेच ठीक आहे.”

सिस्टरनी स्टूल उचलून डावीकडे ठेवायला हात घातला. बाईंनी ते गच्च धरून ठेवलं आणि मानेनंच नाही म्हणाल्या. सिस्टरना कळलं. आम्हालाही कळलं.

त्या बोलत राहिल्या. शेजारच्या टॉवरला पाण्याचे टँकर येतात, गॅलरीतला मोगरा फुलला, शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येतात, ऑफिसनं सांगितलंय घाई करू नकोस. आवाज तोच, फोनवरचा, सरळ, शाळेतला. आणि त्या सगळा वेळ रडत होत्या. हुंदका नाही, श्वास चढलेला नाही, नाक ओढलं नाही. पाणी नुसतं चष्म्याखालून मास्कमध्ये उतरत होतं आणि मास्कच्या वाफेनं काचा पांढऱ्या होत होत्या. मी आणि काका पंख्याकडे बघत होतो. बघण्यासारखं दुसरं काही ठेवलंच नव्हतं बाईंनी.

मोगऱ्याबद्दल त्या पुन्हा सांगायला लागल्या तेव्हा प्रशांतनं, डावा डोळा छताला लावलेलाच ठेवून, मान तसूभर न हलवता, उशीखालून रुमाल काढला आणि उजवीकडे धरला.

“आई,” तो म्हणाला, “चष्मा पुसून घे. तुला मी नीट दिसत नसेन.”